रिअ‍ॅक्ट १८ वरचा छोटा स्टोअर: टेअरिंग बंद झालं, आता वेळेचा हिशोब

रिअ‍ॅक्ट ही वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, आणि स्टोअर म्हणजे तिच्या बाहेर ठेवलेला डेटा, जो अनेक कंपोनंट (पानाचे तुकडे) वाचतात. त्याचा गाभा तयार आहे: एक मूल्य, श्रोत्यांचा (बदल झाल्यावर बोलवायच्या फंक्शनांचा) एक सेट, आणि वाचणं, बदलणं, सबस्क्राइब करणं अशी तीन फंक्शनं. या टप्प्यात टेअरिंग, म्हणजे एकाच पडद्यावर एकाच मूल्याचे वेगवेगळे आकडे दिसणं, आधी मुद्दाम घडवलं, मग बंद केलं.

चाचणीच्या पानावर ५० कंपोनंट आहेत. प्रत्येक जण रेंडर होताना (आपला मजकूर तयार करताना) लूपमध्ये २० मिलिसेकंद जाळतो आणि स्टोअरमधला काउंटर छापतो. काउंटर दर ५० मिलिसेकंदांनी वाढतो. या कंपोनंटांची यादी स्टार्टट्रान्झिशनमधूनच (बदल कमी निकडीचा आहे असं सांगणाऱ्या फंक्शनमधून) माउंट करायची, म्हणजे पानावर आणायची. साध्या सेटस्टेटचं (स्थिती बदलणाऱ्या नेहमीच्या फंक्शनचं) रेंडर मध्ये थांबत नाही, त्यामुळे तिथे काहीच बिघडलेलं दिसणार नाही. ट्रान्झिशनमध्ये शेड्युलर (कामांची वेळ ठरवणारा भाग) साधारण ५ मिलिसेकंदांनी ब्राउझरला वाट देतो. एखादा कंपोनंट अर्ध्यावर सोडता येत नाही, म्हणून इथे ती वाट प्रत्येक कंपोनंटनंतर मिळते. तेवढ्यात टायमर आपलं काम उरकतो. वर १२ छापलं असेल तर तळाशी ३०च्या आसपास. स्ट्रिक्ट मोड काढून ठेवा, नाहीतर डेव्हलपमेंटमध्ये दुहेरी रेंडरमुळे वेळा फुगतात.

युजइफेक्टमध्ये (रेंडर झाल्यानंतर चालणाऱ्या कोडमध्ये) सबस्क्राइब करण्यात आणखी एक भोक आहे. रेंडर झाल्यावर पण इफेक्ट चालण्याआधी झालेला बदल हुकतो. सतत धावणाऱ्या काउंटरमुळे हे झाकलं जातं; नेमक्या त्या वेळात एकदाच मूल्य बदललं, तर जुना आकडा पडद्यावर तसाच बसून राहतो.

टेअरिंग आणि हे भोक, दोन्हींवर उपाय रिअ‍ॅक्टचा युजसिंकएक्स्टर्नलस्टोअर हा हुक (तयार फंक्शन). तो डॉमला (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेला) हात लावण्याआधी गेटस्नॅपशॉट, म्हणजे स्टोअरचं मूल्य देणारं फंक्शन, पुन्हा वाचतो, सबस्क्राइब झाल्यावरही तपासतो. पण गेटस्नॅपशॉटनं दर वेळी नवा ऑब्जेक्ट किंवा फिल्टर केलेला नवा अ‍ॅरे परत केला की ऑब्जेक्ट.इज (दोन्ही मूल्यं तीच आहेत का पाहणारी) तुलना कायम फसते आणि रेंडर अनंत फिरतं. डेटा बदलेल तेव्हाच नवा ऑब्जेक्ट बनवा, नाहीतर जुनाच परत द्या. सबस्क्राइब फंक्शन कंपोनंटच्या बाहेर लिहा. आत लिहिलं तर प्रत्येक रेंडरला जुनी नोंदणी मोडून नवी होते.

आता किंमत. आकडा बदललेला सापडला की रिअ‍ॅक्ट ते रेंडर टाकून देतो आणि सगळं पुन्हा, या वेळी न थांबता करतो: ५० गुणिले २०, म्हणजे पूर्ण सेकंदभर पान गोठलेलं. आकडे जुळतात, पण ट्रान्झिशनचा फायदा गेला. स्टोअरमधला बदल स्टार्टट्रान्झिशनमध्ये गुंडाळूनही उपयोग नाही, तो सिंक्रोनसच होतो.

त्यामुळे स्टोअर फक्त पालक कंपोनंटमध्ये वाचायचा, मूल्य युजडिफर्डव्हॅल्यूमधून (मूल्य थोडं मागे ठेवणाऱ्या हुकमधून) काढायचं आणि मेमोत (प्रॉप न बदलल्यास रेंडर टाळणाऱ्या वेष्टनात) गुंडाळलेल्या यादीला प्रॉप (कंपोनंटला दिलेलं मूल्य) म्हणून द्यायचं, अशी मांडणी केली आहे. यादी मागे राहते, पण सगळ्या ओळी एकच आकडा दाखवतात. काउंटरचा वेग मात्र २ सेकंदांवर आणावा लागतो. ५० मिलिसेकंदांवर प्रत्येक नवा आकडा यादीचं अर्धवट काम मोडून ते पहिल्यापासून सुरू करायला लावतो.

सर्व्हर रेंडरिंग (पान सर्व्हरवरच एचटीएमएल म्हणून तयार करणं) बाकी आहे. युजसिंकएक्स्टर्नलस्टोअरचं तिसरं आर्ग्युमेंट, गेटसर्व्हरस्नॅपशॉट, दिलं नाही तर सर्व्हरवर एररच येते. आणि हायड्रेशनच्या (सर्व्हरवरून आलेल्या एचटीएमएलला ब्राउझरमध्ये कोड जोडण्याच्या) वेळी त्यानं सर्व्हरवरचंच मूल्य द्यायला हवं, म्हणून ते एचटीएमएलमध्ये जेसनच्या (डेटा लिहिण्याच्या साध्या मजकूर-स्वरूपाच्या) रूपात पाठवायचं आहे.