पुंजका

बायोप्सीचे दोनच तुकडे आले होते. जठराचा कॅन्सर, यकृतात पसरलेला, म्हणजे ऑपरेशनचा विषय संपलेला. निदान आधीच झालं होतं. आता हर-टू बघायचं होतं. १७व्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या प्रती वाढल्या की पेशीच्या आवरणावर त्याचं प्रथिन दाटतं, आणि मग त्या प्रथिनाला लक्ष्य करणारं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, देता येतं.

"मॅडम, निगेटिव्ह आहे," रेसिडेंट म्हणाली. या तपासणीत प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. पहिला तुकडा खरंच कोरा होता. दुसऱ्याच्या कडेला मात्र लहान भिंगातूनही एक तपकिरी डाग उठून दिसत होता. ४०चं भिंग लावलं. सात-आठ पेशींचा पुंजका. प्रत्येकीच्या दोन्ही बाजू आणि तळ गडद, वरचं तोंड मोकळं.

रेसिडेंटची नजर स्तनाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर तयार झालेली. तिथे आवरणाचं पूर्ण कडं लागतं आणि १० टक्क्यांहून जास्त पेशी रंगाव्या लागतात. जठराच्या ग्रंथीत कडं बहुधा पूर्ण होतच नाही, शिवाय एकाच गाठीत एक भाग पॉझिटिव्ह तर शेजारचा निगेटिव्ह असतो. म्हणून बायोप्सीत पाच पेशींचा पुंजकाही पुरतो. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

रंग इतका गडद असला की थ्री प्लस, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी. तिला फिशची, म्हणजे जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजणाऱ्या तपासणीची, गरज नसते. पण एवढ्याशा पुंजक्यावर उपचार ठरणार, म्हणून मी तीही करून घेतली. अंधाऱ्या खोलीत प्रत्येक केंद्रकात १७व्या गुणसूत्राचे हिरवे ठिपके दोन-दोन, आणि हर-टूचे लाल ठिपके घोसच्या घोस, मोजताच येईनात.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. "डॉक्टर, हे माझ्यातही असेल का?"

जनुक सगळ्यांतच असतं, प्रती वाढल्यात त्या गाठीत. हे वारशाने येत नाही, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्याने विचारलं, बाबांच्या हातात किती दिवस आहेत? ते हर-टूवरून सांगता येत नाही. जठराच्या कॅन्सरमध्ये त्यावरून आयुष्याचा अंदाज बांधावा की नाही, यावर अभ्यासांचं एकमत नाही. औषध कुणाला लागू पडेल, हे मात्र त्यावरून ठरतं. २०१०च्या टोगा या औषध-चाचणीत प्रथिन भरपूर असलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) नुसत्या केमोवर ११.८ महिने होतं, सोबत ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर १६. "तुमचे बाबा या गटात बसतात," मी म्हटलं. त्याने दोन्ही आकडे पाकिटावर लिहून घेतले.

तो दुसरा तुकडा आला नसता, तर रिपोर्ट निगेटिव्ह गेला असता. संध्याकाळी एंडोस्कोपी करणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला: किमान पाच तुकडे घ्या, जमल्यास सहा ते आठ, आणि गाठीच्या वेगवेगळ्या जागांहून.