उतारावरच्या बातम्या

आमच्या टेकडीच्या मंडळाचा एक अलिखित नियम आहे: चढताना बातमी सांगायची नाही. आम्ही पाच जणी, सगळ्या निवृत्त, आठवड्यातून चार दिवस पहाटे पौड रस्त्याच्या बाजूने वेताळ टेकडी चढतो. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आणि टेकडीचा माथा सुमारे 800 मीटरवर, त्यामुळे कागदावर हा चढ किरकोळच. पण साठीनंतर कागदावरचा मीटर आणि पायाखालचा मीटर यांत फरक पडू लागतो. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाता येता कामा नये, अशी दमाची एक सोपी परीक्षा डॉक्टर सांगतात. आमच्या बाबतीत गाण्याचा प्रश्न पहिल्या वळणालाच निकालात निघतो आणि दुसऱ्या वळणानंतर ‘हं’ आणि ‘थांबा जरा’ एवढीच भाषा उरते.

नियम झाला तो एका घोटाळ्यातून. आमच्यातल्या एकीला ‘मुलाचे लग्न मोडायलाच आले होते, पण काल सगळे जुळले’ असे सांगायचे होते. दम लागल्यामुळे वाक्य ‘मोडायलाच’वर अडकले आणि आम्ही चौघी पुढच्या वळणापर्यंत तिचे सांत्वन करीत राहिलो. तेव्हापासून वेताळाच्या देवळापर्यंत मौन, तिथे घोटभर पाणी, आणि मग उतरताना बातम्या.

उतार हे बातमीसाठी खरोखरच चांगले ठिकाण आहे. श्वास मोकळा असतो, पण मुरुमावरून पाय घसरू नये म्हणून प्रत्येकीची नजर खाली असते, त्यामुळे सांगणारीच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही. समोरासमोर चहा घेताना ज्या गोष्टी वर्षभर ओठांवर आल्या नसत्या, त्या तपासणीचा अहवाल असो की सून माहेरी जाऊन राहिल्याचे असो, दगड चुकवता चुकवता सहज सांगून होतात. उत्तर लगेच द्यावे लागत नाही. एखादी ‘इथे जपून हं’ म्हणते, आणि ते पायापुरतेच म्हटलेले असते असे नाही.

विणकामाचेही थोडेसे असेच आहे, फक्त ते कळायला मला अधिक वर्षे लागली. बँकेत असताना मी दुपारच्या सुट्टीत विणत असे; तेव्हा एका सुईवर अर्धा स्वेटर पावसाळाभर पडून राही. आता भाचीला जानेवारीत बाळ होणार आहे आणि बाळंतविडा करायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. झबली-दुपटी शिवणारे हात घरात पुष्कळ आहेत, माझ्याकडे लोकरीचे तेवढे: स्वेटर, टोपडे, मोजे आणि कुंची. लक्ष्मी रस्त्यावर जाऊन मी फिकट पिवळी, न टोचणारी, चार पदरी लोकर आणली. सुया घरच्याच, आईच्या वेळच्या, 10 आणि 12 नंबरच्या. या नंबरांची गंमत अशी की नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, कारण हे आकडे तारेची जाडी मोजण्याच्या जुन्या इंग्रजी पद्धतीतून आले आहेत. दुकानातल्या तरुण मुलाने मला मिलिमीटरमध्ये माप विचारले, तेव्हा आपण चुकून आणे-पैशांत हिशेब सांगितला की काय असे मला वाटून गेले.

तर, विणतानाही चढ आणि उतार असतात. पाठीचा भाग 64 टाक्यांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा सरळ चढत असतो, तेव्हा घरात कोणीही काहीही सांगावे. हात आपोआप चालतात आणि कान रिकामे असतात. पण काखेशी टाके कमी करून 54 उरले, आणि मधले 20 टाके गळ्यासाठी बंद करून दोन्ही खांद्यांना सतरा-सतरा ठेवायचे आहेत, अशा वेळी बातमी सांगू नये. साताऱ्याहून दादाचा फोन नेमका तेव्हाच आला. फोन कानाशी, सुया हातात, आणि दादा सांगत होता की घर विकायचे ठरले, गिऱ्हाईक आले आहे, वहिनीला आता जिना होत नाही. मी ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. त्याचे सगळे बरोबरच होते. सकाळी उजेडात पाहिले, तर एका खांद्यावर 15 टाके होते आणि दुसऱ्यावर 19.

ते उसवायला पाच मिनिटेही लागली नसती, पण चार दिवस मी त्या सुईला हात लावला नाही.

महिन्यातून एकदा, तोही आडवारी, आम्ही सिंहगडावर जातो. रविवारी तिथे गडापेक्षा माणसेच जास्त दिसतात. आतकरवाडीपासूनची वाट टेकडीसारखी दयाळू नाही. तिथे वाटेतले ताकवाले हेच आमचे मैलाचे दगड. पुणे दरवाजा गाठला, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही झाले, आणि उतरायला लागल्यावर पहिल्या दगडी टप्प्यानंतर मी साताऱ्याच्या घराचे सांगितले. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना आम्ही सगळ्या बाईच म्हणतो. ‘आठवणी तर राहतात’ वगैरे काही त्या बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुढच्या दगडावर काठी टेकवीत त्यांनी विचारले, “झोपाळा होता का हो तुमच्याकडे?”

“होता. माजघरात.”

“मग पितळी कड्या तेवढ्या मागून घ्या. गिऱ्हाइकाला त्या घरातच धरल्या आहेत असे वाटते.”

संध्याकाळी मी दादाला फोन केला. पायांत गोळे आले होते, म्हणून पाय बादलीभर गरम पाण्यात सोडले होते आणि मांडीवर विणकाम होते. कड्यांचे विचारले तसा तो हसला.

“अगं, त्या मी गणपतीतच काढून ठेवल्या आहेत, चिंच लावून घासूनसुद्धा. पाट मात्र वाळवीने पुरता खाल्लाय.”

मग वाळवीवर बराच वेळ बोलणे झाले. बोलता बोलता मी गळ्यापर्यंत उसवले, 54 टाके पुन्हा सुईवर घेतले, आणि त्याला म्हटले की दादा, आता पाच मिनिटे काही सांगू नकोस, मला मोजायचे आहे.