ताप नाही, मग फ्लू कसा?

आज दिवसभरात हा प्रश्न तीन-चार वेळा कानावर आला, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

सत्तरीपुढच्या माणसाला फ्लू झाला तरी ताप चढेलच असं नाही. वयानुसार शरीराचा प्रतिसादच मंदावतो. मग अन्नावरची वासना उडते, माणूस दिवसभर पडून राहतो, असंबद्ध बोलतो, बाथरूमला जाताना तोल जातो. आपण म्हणतो, वय झालं! फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि ‘दोन दिवस बघू’मध्ये नेमके तेच तास जातात.

रक्तातला ऑक्सिजन बघायला बोटाला ऑक्सिमीटर लावताना बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल, तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा, आकडा स्थिरावला की मगच वाचा. बरं असतानाचा आकडा कपाटावर लिहून ठेवा. एरवी ९७ असलेला ९३ वर आला तर लगेच डॉक्टरांना फोन.

सर्दीच्या तयार गोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतंच. वर तापाची वेगळी गोळी दिली की डोस दुप्पट. त्यातलं नाक मोकळं करणारं औषध बीपी वाढवतं, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडवू शकतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच (चष्मा लावून).

लस दरवर्षी, साथीआधी. असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. आणि फक्त आजीला नको, शाळेतून विषाणू घरी आणणाऱ्या नातवालाही द्या.