बाबांचा अंगठा आणि घरचे कॅमेरे

मानेवाड्याचा प्लॉट विकला तेव्हा खरेदीखतासोबत बाबांचा आधार नंबर आणि अंगठ्याचा ठसा, दोन्ही एकाच गठ्ठ्यात गेले. असे ठसे उचलून त्यांची नक्कल करायची आणि आधारवरून पैसे काढायच्या सोयीतून खातं रिकामं करायचं, असे प्रकार देशात उघडकीस आलेत. तिथे ओटीपी लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढं पुरतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? म्हणून बाबांचं बायोमेट्रिक लॉक करायचं, म्हणजे आधारसाठी त्यांचा अंगठा चालणारच नाही असं करायचं, ठरवलं.

अडलं ते मोबाइल नंबरवर. आधारला त्यांचा जुना, केव्हाच बंद झालेला नंबर जोडलेला, आणि लॉक करायला ओटीपी हवाच. आधी केंद्रावर रांग लावून नंबर बदलून घेतला. तो अपडेट झाल्यावर आधारच्या साइटवर लॉक करणं अगदीच सोपं गेलं. मागच्या 6 महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही त्याच साइटवर दिसतं. एकेक नोंद बाबांना वाचून दाखवली. सगळ्या ओळखीच्या निघाल्या.

"मंग पेन्शनच्या दाखल्याले अंगठा कसा देऊ?" बाबांचा प्रश्न रास्त होता.

"तेवढ्यापुरतं उघडायचं, बाबा. 10 मिनिटांनी आपोआप बंद होते."

मग मोर्चा कॅमेऱ्यांकडे वळवला. माणसाला जशी ओळख असते तशी डीव्हीआरलाही, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यालाही असते: त्याचा सीरियल नंबर, आणि तो ज्या खात्याला जोडलाय ते खातं. आमचा जोडला होता बसवणाऱ्याच्या खात्याला. आम्हाला नुसतं बघायची परवानगी, मालक तो! पासवर्डही कंपनीचाच. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. एवढं माहीत असून हे लोक ग्राहकाला पासवर्ड बदलायला सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

बसवणाऱ्याला फोन करून त्याच्या खात्यातून डीव्हीआर काढायला लावला. डब्यावरचा क्यूआर स्कॅन करून तो बाबांच्या नावाच्या खात्यात घेतला, नवा पासवर्ड टाकला, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) अपडेट केलं. कॅमेऱ्यांसाठी राउटरवर वेगळं वायफाय काढलं, म्हणजे बँकेचे व्यवहार चालतात तो फोन त्यांच्यासोबत एका नेटवर्कवर नको.

आमच्या गल्लीत त्याच माणसाने आणखीही घरी कॅमेरे लावलेत. काकूंचा डीव्हीआर अजून त्याच्याच खात्यात आहे. रविवारी तिकडे बसायचंय.