वीस तास भरले, पाना कोणी लावायचा?

आज चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर होडी काठाला लावली आणि मोटारीसमोर बसून राहिलो. हतनूर धरणाच्या फुगवट्यात जाळ्यांसाठी घेतलेलं 5 एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायची मोटार. वहीत मोटार चालल्याचे 20 तास भरले, म्हणजे पहिली सर्व्हिस. वॉरंटी शिल्लक आहे. सर्व्हिस सेंटर पार मुंबईला, म्हणजे आठवडाभर धंदा बंद.

मोठा भाऊ म्हणे, "भो, डिझेल इंजिनं खोलतो तू, याले काय घाबरतो?"

घाबरत नाही, पण वॉरंटीचा हक्क घालवायचा नाही. पुस्तिका पुन्हा वाचली. तेल मालकाने बदललेलं चालतं, फक्त बिलं आणि नोंद हवी. मग लागलो कामाला.

गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू काढला, मग वरचा. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी चुरा होता. नव्या गिअरचा असतोच. तेल काळसर आलं, दुधाळ नाही! दुधाळ म्हणजे सीलमधून पाणी शिरलं. केवढा जीव भांड्यात पडला. नवं तेल खालूनच भरलं, वरच्या भोकातून येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. वॉशर नवे. जुनं तेल डबड्यात धरलं, तापीत थेंब जाऊ दिला नाही.

व्हॉल्व्हच्या गॅपला, म्हणजे इंजिनाच्या झडपांच्या फटीला, मात्र हात लावला नाही. ते सेंटरचंच काम. उद्या फोन करून तारीख घेतो.