आमची वाटचाल: जाळी उन्हात धरून बघा

माझे वडील गुळव्या, म्हणजे रस उकळून गूळ करणारे. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर हंगामभर काहिलीपुढं उभे असायचे. रसात भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. बाजारात पिवळाधमक गूळ लागतो म्हणून काहींनी हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, टाकायला सुरुवात केली. वडिलांनी टाकला नाही. त्यांचा गूळ तांबूस निघायचा, सौद्यात भाव कमी पडायचा आणि पुढच्या हंगामाला मालक दुसरा गुळव्या बघायचे. हे आधीच सांगतो, कारण पुढं स्वयंपाकघरातल्या चिमण्या धुण्याच्या धंद्यात मी जे केलं ते हे सगळं डोळ्यांनी बघून केलं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. लोक जार घेऊन यायचे, "बुश गेलाय" म्हणायचे. बुश म्हणजे जारच्या बुडातली, पात्याचा दांडा फिरतो ती नळी. निम्म्या वेळा तो धडधाकट असायचा. खाली कांदा-लसूण चटणी वाळून कपलर, म्हणजे जार मोटरला जोडणारी चकती, अडकलेला असायचा, एवढंच. रिठ्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला आणि बांबूची कामटी फिरवली की काम झालं. त्यातूनच गिऱ्हाईक म्हणायला लागलं, आमची चिमणीपण धुऊन द्या की. दुकानाचं शटर खाली गेलं आणि आम्ही घरोघर जायला लागलो.

ज्यांच्याकडं चिमणीच्या दोन जातीच्या जाळ्या येतात त्यांना सांगायला नको, पण सांगतोच. स्टीलचा बॅफल फिल्टर (पट्ट्यांची जाळी) असेल तर हात घालवणार नाही असं गरम पाणी, दहा लिटरला एक मोठी वाटी धुण्याचा सोडा, वीस मिनिटं. तेलाचा साबण होतो आणि थर आपोआप सुटतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला मात्र सोडासुद्धा नको, काळी पडते. तिला रिठ्याचं पाणी, तेही रात्रभर. म्हणजे आज जाळी काढून आणायची, उद्या परत बसवायला जायचं. दोन फेऱ्या, दोनदा पेट्रोल. आमच्या धंद्यातलं सगळं दुखणं या दुसऱ्या फेरीत आहे.

हत्यारं म्हणाल तर तीनच. बुरुडाकडून तासून घेतलेल्या बांबूच्या कामट्या, चार मापाचे नायलॉनचे ब्रश आणि वाफेचं मशीन. कामटीला ओलेपणी धार असते, पण स्टीलवर चरा पडत नाही. पहिल्या गठ्ठ्यातली एक अजून माझ्या पिशवीत आहे, झिजून बोटाएवढी राहिली आहे. बर्नरच्या पितळी टोप्यांना आमसुलाचं पाणी. किटलीतल्या क्षाराला लिंबूसत्व. आणि ते सोडा-व्हिनेगर एकत्र ओतायचं खूळ डोक्यातून काढा. फेस बघायला छान दिसतो, पण दोघंही एकमेकाला मारतात, उरतं ते खारट पाणी.

माझा भागीदार शाळेतला दोस्त. बोलण्यात पक्का, गिऱ्हाईक आणण्यात माझ्यापेक्षा दसपट हुशार, हे मान्य करतो. त्याला ती दुसरी फेरी पहिल्यापासून खुपायची. "काय लेका, दोन-दोन फेऱ्या मारतोस? कॉस्टिक सोडा टाक, पाच मिनिटाचं काम हाय." त्या दिवाळीला आठवड्यात चाळीस घरं घेऊन बसलो होतो आणि मी हो म्हटलं. हो मीच म्हटलं.

ताराबाई पार्कातल्या एका वहिनींची जाळी टबात टाकली. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम भेटले की हायड्रोजन सुटतो, पाणी सळसळून उकळल्यासारखं दिसतं. वहिनी खूश. मळ निघतोय असं वाटतं, खरं तर धातूच खाल्ला जात असतो. बाहेर काढली तेव्हा जाळी काळीठिक्कर, आणि कोपरा चिमटीत धरला तर पापडासारखा तुटून हातात आला. त्याच गडबडीत आमच्या हाताखालच्या पोराच्या मनगटावर ते पाणी उडालं. त्यानं पुसलं आणि म्हणाला, "काय नाही, साबणासारखं बुळबुळीत लागतंय." ते बुळबुळीत लागणं म्हणजे कातडीतल्या तेलाचा साबण होणं, हे मला कळत होतं. नळाखाली अर्धा तास हात धरून ठेवला. कुणी लिंबू चोळा म्हणालं, मी चोळू दिलं नाही. तुम्हीही चोळू नका, फक्त वाहतं पाणी आणि दवाखाना. डाग राहिला तो राहिलाच.

नवी जाळी दिली, दवाखान्याचं बिल भरलं. कॉस्टिकचा डबा मी गटारात न ओतता दुकानदाराला परत नेऊन दिला, त्यावरून आमचं शेवटचं भांडण झालं. दिवाळीनंतर भागीदार गेला तो गिऱ्हाइकांची वही घेऊन. महिन्याभरात त्याची गाडी फिरायला लागली, त्यावर लिंबाचं चित्र, खाली 'शुद्ध लिंबू, रसायन नाही'. आणि घरोघरी सांगणं काय, तर जाळी जाळली ती मी. यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तोंड उघडता येईना. दोन महिने फोन वाजला नाही. वाफेचं मशीन विकायला काढलं होतं.

त्या काळात फक्त बाईंनी काम दिलं. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई, आठवीत त्यांच्या हातचा मार खाल्लाय. दर महिन्याला बोलवायच्या, फ्रीज धुवायला. फ्रीज आरशासारखा असायचा. मी म्हटलं, "बाई, यात धुण्यासारखं काही नाही." "दाराच्या रबराच्या घडीत बघ," म्हणाल्या. तिथंही काही नव्हतं. पैसे मोजून दिले आणि चहा दिला.

त्यांच्या अपार्टमेंटच्या बैठकीत माझा जुना भागीदार त्याचा लिंबाचा डबा घेऊन आला तेव्हा बाईंनी घरातून हळदीची वाटी मागवली. बोटभर हळद कागदावर ओली करून फासली आणि म्हणाल्या, "टाक तुझं लिंबू." थेंब पडला तसा कागद कुंकवासारखा लाल झाला. लिंबानं हळद पिवळीच राहते, लाल होते ती कॉस्टिकसारख्या क्षारानं. तो हसला आणि "बाई, हे कॉन्सन्ट्रेट आहे" म्हणाला. वाटलं, आता सुटलो. कसलं काय! त्या बैठकीतल्या अकरा घरांपैकी सात घरांनी त्यालाच बोलावलं. एका फेरीत होतं आणि शंभर रुपये कमी घेतो.

उरलेली चार घरं अजून माझी आहेत. त्यांच्या ओळखीनं पुढची मिळाली. 2019 च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्कातले गाळानं भरलेले फ्रीज धुतले, त्यानंतर बरं चाललंय, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

परवा पापाच्या तिकटीला तो जुना भागीदार भेटला. "अजून रिठाच काय?" म्हणाला. हो म्हटलं. त्याच्या गाडीत मागं एक जाळी होती, कुणाची तरी, परत बसवायला निघालेली. उचलून उन्हात धरली. मधल्या तारा केसाएवढ्या झाल्या होत्या. त्यानं माझ्या हातातून काढून घेतली आणि गाडीला किक मारली.

दिवाळीच्या आधीचे दहा दिवस ॲल्युमिनियमची जाळी आम्ही घेत नाही. पोरगं तेवढे दिवस मिक्सरचे जार करतं, हातमोजे घालून.