मराठी वाचणाऱ्यानं ई-बुक रीडर घ्यावा का?

‘ई-बुक रीडर घेऊ का गं?’ असं ऑफिसमधल्या मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी आधी विचारते, तू वाचतेस कुठे आणि काय? (ई-बुक रीडर म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायचं, हातात मावणारं यंत्र.)

माझं बहुतेक वाचन कांदिवली ते चर्चगेट लोकलमध्ये होतं, तेही उभ्यानं. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात पुस्तक. जाडजूड कादंबरीचं पान उलटायला कडी सोडावी लागते, आणि अंधेरीला गर्दी आत घुसली की ते जमत नाही. रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, त्याच हाताच्या अंगठ्यानं पान पुढे जातं.

मोबाइलवर वाचून माझे डोळे चुरचुरतात. रीडरचा ई-इंक पडदा वेगळा असतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि कुप्यांमध्ये विद्युतभारित काळे-पांढरे कण. पान बदलताना तेवढी वीज लागते. कण जागेवर बसले की अक्षर विजेशिवाय तसंच राहतं. म्हणून चार्जिंग कित्येक दिवस पुरतं, आणि खिडकीतून ऊन आलं तरी अक्षर स्पष्टच दिसतं.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आईचा फायदा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला बारीक टाइप वाचवत नव्हता. दिवाळी अंक नुसता चाळून ठेवून द्यायची. आता रीडरवर अक्षर इतकं मोठं केलंय की पानावर जेमतेम आठ-दहा ओळी मावतात. ती दुपारी निवांत वाचत बसते आणि संध्याकाळी मला गोष्ट सांगते.

अडचण येते ती मराठी पुस्तकांची. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या रीडरवर, मराठी अधिकृतपणे आलं २०१६ मध्ये. तरी आजही ‘ई-बुक’ म्हणून जे हाती पडतं, ते पुष्कळदा पानांचे फोटो काढून केलेलं पीडीएफ असतं. सहा इंची पडद्यावर अख्खं पान मुंगीएवढं दिसतं. मोठं करावं, तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. आईनं असं एक पुस्तक दुसऱ्याच पानावर बाजूला ठेवलं.

यामागे छपाईचा इतिहास आहे. आपली कितीतरी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत आणताना रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षरं फुटतात. म्हणजे पुन्हा मुद्रितशोधन आलं, आणि त्याला पैसे लागतात. प्रकाशकांची ही ओढाताण मला समजते. तरीही हा खर्च त्यांनी करायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, कारण डोळे थकलेले वाचक मराठीत थोडेथोडके नाहीत.

आणखी एक गोष्ट खुपते, ती मालकीची. २००९ मध्ये ॲमेझॉननं इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पुढे माफीही मागितली. पण पैसे मोजून आपल्याला मिळतो तो वाचण्याचा परवाना, हे तेव्हा उघड झालं. म्हणून जी पुस्तकं वहिनीला, शेजारच्या काकूंना द्यावीशी वाटतात, ती मी अजूनही दादरला जाऊन कागदावरचीच घेते.

रीडर घेणार असाल, तर आधी मोबाइलवरच्या किंडल ॲपमध्ये तुम्हाला हव्या त्या मराठी पुस्तकांचे मोफत नमुने उतरवा आणि अक्षर मोठं करून बघा. ओळी आपोआप नव्यानं जुळल्या, तर खुशाल घ्या.